शंभर मीटर मासवडी

पीयूषला आयुष्यात यशस्वी व्हायचं होतं. कशात, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

तसं पाहिलं तर जुन्नरकडच्या आणे पठाराखालच्या वडपेठेत, ऐन बाजारात, तीन पिढ्यांचं चालतं कापडदुकान असलेला माणूस गावाच्या दृष्टीनं यशस्वीच होता. पण गावाच्या मताला पीयूष फारसा मोजत नसे, कारण गाव त्याला रोज भेटत असे. त्याला मोल वाटे लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांच्या मताचं. तिथे त्याचा मावसभाऊ बंटी भेटे. बंटीचं मंचरला तीन मजली एसी शोरूम होतं आणि त्यात सरकता जिना होता. वीज गेली की गिऱ्हाइकं त्या जिन्यावर मधल्या मध्ये लोंबकळत राहत, हे खरं. पण नातेवाइकांच्या तोंडात 'सरकता' हा शब्द कायमचा बसला होता. कुणी ओळख करून देताना म्हणे, "हा आपला बंटी, मंचरचा, सरकता जिना! आणि हा... पीयूष." नावाच्या मागे काही नाही, पुढे काही नाही. नुसता पीयूष.

मोबाइलवर आलेला फोन घ्यायचे पैसे पडेनासे झाले, त्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा आपल्या भागात यश शिकवणाऱ्यांचं अमाप पीक आलं होतं. आळेफाट्याच्या मंगल कार्यालयात यशगुरू हौशीराम यांचं 'उठा आणि जिंका' शिबिर भरलं, आणि पीयूष पहिल्या रांगेत जाऊन बसला. हे हौशीराम पूर्वी विमा विकत, त्याआधी ठिबकच्या नळ्या विकत, आणि आता सरळ यशच विकत होते. नळी फुटली तर शेतकरी दारात येऊन उभा राहतो; यश फुटलं तर माणूस स्वतःलाच दोष देतो, त्यामुळे हा धंदा त्यांना मानवला होता.

"स्वतःला विचारा," हौशीराम कडाडले, "माझ्याकडे असं काय आहे, जे जगात कुणाकडेच नाही?"

पीयूषनं स्वतःला विचारलं. जेवणाची सुट्टी झाली तरी उत्तर आलं नाही. जेवायला मासवडी आणि झणझणीत रस्सा होता. मासवडीच्या सारणात कांदा-लसूण, म्हणून जैन पीयूषच्या ताटात दहीभात पडला. चहूबाजूंनी माणसं मासवडीवर तुटून पडलेली, आणि मधे दहीभात कालवत बसलेला पीयूष. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, फडकं उचलून गुंडाळी करायची आणि वड्या पाडायच्या, हे तो लहानपणापासून बघत आला होता. हे फक्त आपल्या जुन्नर-आंबेगावात! आणि फडकं? फडकं म्हणजे कापड! पीयूषच्या हातातला चमचा दहीभातात उभा राहिला. जगातली सर्वांत लांब मासवडी!

हौशीरामांनी त्याला तिथंच मिठी मारली. त्यांच्या नव्या टायवर दही सांडलं, पण यशापुढे टाय म्हणजे काय.

घरी मात्र मिठी मारायला कुणी पुढे आलं नाही. वडील सोहनलाल खाली दुकानाच्या गादीवर बसून रुमालाचे गठ्ठे लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खायची आहे, का मोजायची आहे?"

"मोजायची, पप्पा. मग खायची."

"मग आधी मोजायला का थांबायचं?" एवढं बोलून ते पुन्हा रुमालांकडे वळले.

आई झमकूबाईंच्या अटी सुटसुटीत होत्या. आपल्या घरच्या कार्यात कांदा नाही, लसूण नाही आणि सूर्य मावळायच्या आत माणसांची जेवणं उरकली पाहिजेत. बायको सिद्धी काही बोलली नाही. तिनं नुसतं पीयूषकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दिल्लीला 'अखिल भूमंडल विक्रम परिषद' नावाची संस्था विक्रमांची नोंद करते, हे हौशीरामांकडून कळलं होतं. पीयूषनं फोन लावला. पलीकडच्या बाईंना हिंदीतून मासवडी समजावून सांगणं हा स्वतंत्र विक्रमच होता.

"मास... क्या?" त्यांनी तीनदा विचारलं.

"मासवडी! खाने का! लंबा!"

"अच्छा, अच्छा. लिख लिया."

अटी आल्या. लांबी किमान शंभर मीटर. मधे कुठं तुटता कामा नये. तुटली तर मोठा तुकडा तेवढा धरणार. या टोकापासून त्या टोकापर्यंत माल एकसारखा. मापाला सरकारी टेप आणि दोन सरकारी साक्षीदार. अन्न वाया जाता कामा नये.

माल एकसारखा, म्हणजे झमकूबाईंच्या अटीनं सगळीच मासवडी बिगरकांद्याची. हे गावात फुटलं आणि शेजारचे खतवाले सोपानराव दुकानाची पायरी चढले. सोपानरावांची कांदे साठवायची चाळ होती आणि कुठल्याही गोष्टीत सल्ला द्यायला त्यांना बोलवावं लागत नसे.

"पीयूषभाऊ, ऐकतोय ते खरं का राव? बिगरकांद्याची मासवडी?"

"आईची अट आहे."

"आवो, हा कांद्याचा पट्टा! हितं माणूस कांद्यावर जगतो, कांद्यावर मरतो. अन् जगात नाव करायचं ते बिगरकांद्याच्या मासवडीनं? उद्या पेपरात आलं, तर बाजार समितीत तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई आमाला."

बोरी बुद्रुकच्या चिमाबाई म्हणजे पंचक्रोशीत मासवडीतला शेवटचा शब्द. लग्न कुणाचंही असो, मासवडीला त्या आणि त्यांच्या बायका. त्यांना सुपारी द्यायला पीयूष स्वतः गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"कांदा न्हाई?"

"नाही."

"लसूण?"

"नाही."

"मंग तिला मासवडी कशाला म्हणायचं भाऊ? बेसनाची वळकटी म्हणा, आमी वळून देतो."

अखेर तोड निघाली. मासवडी बिगरकांद्याची करायची, पण रस्सा कांदा-लसणाचा, वेगळ्या चुलीवर, मांडवाच्या दुसऱ्या अंगाला, झमकूबाईंच्या नजरेआड करायचा. सोपानरावांनी रश्शाला आपल्या चाळीतले कांदे फुकट दिले आणि गावभर सांगितलं, की विक्रम बेसनाचा असला तरी चव आपली आहे.

मग परवानगी. शंभर मीटर टेबलं लावायची म्हणजे बाजारपेठेचा रस्ता अडणार. कचेरीतल्या भाऊसाहेबांनी छापील अर्ज पुढे केला. त्यात रस्ता अडवायची तीनच कारणं होती: मिरवणूक, सभा आणि विवाह.

"मासवडी कशात बसते?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कशातच नाही."

"मग रस्ता अडत नाही."

बराच विचार होऊन मासवडी विवाहात बसवण्यात आली, कारण त्यात जेवण असतं. मग वराचं वय आलं, वधूचं वय आलं. पीयूषनं वराच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, वधूच्या जागी सिद्धीचं. त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण सरकारदरबारी ते पुन्हा लागलं. सिद्धीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "विचारलं असतंत तर या खेपेला मी नाही म्हटलं असतं."

कापडाचं काम मात्र पीयूषनं कुणाकडे सोपवलं नाही. उत्तम मलमलीचे तागे काढले, शिंप्याकडून त्यांची टोकं जोडून घेतली आणि दुकानातल्या लोखंडी गजानं शंभर मीटर स्वतः मोजलं. हा गज आजोबांचा, जेठमलशेठांचा. सरकारनं वार काढून मीटर आणला, तेव्हा आजोबांनी लोहाराकडून घडवून घेतलेला. तेव्हापासून दुकानात एकेक सदरा, एकेक परकर त्यावर मोजून गेला होता. खात्याचा शिक्का मारलेला दुसरा एक मीटर होता, पण तो गादीमागे असे. साहेब तपासायला आले की बाहेर काढायचा आणि ते गेले की परत ठेवायचा.

दिवस उजाडला. आणे गावच्या यात्रेत आमटीच्या कढया ढवळलेले आचारी आले, कढया आल्या, चिमाबाई आपल्या बायकांची फौज घेऊन टेम्पोंतून उतरल्या. बाजारपेठेत या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलं लागली, त्यावर ओली मलमल अंथरली गेली. हौशीराम व्यासपीठावरून यशाची सूत्रं सांगू लागले. फक्त साक्षीदारांचा पत्ता नव्हता. एक साक्षीदार वजनमापं खात्याचे साहेब. ते टेप घेऊन वेळेवर निघाले होते, पण वाटेत टोमॅटोच्या गाड्यांच्या रांगेत अडकले. दुसरे गुरांचे डॉक्टर. ते एका अडलेल्या गाईपाशी होते.

ऊन कलायला लागलं. झमकूबाई माडीच्या खिडकीत येऊन आधी सूर्याकडे आणि मग मुलाकडे बघून जात. बेसन कढयांत घट्ट होऊ लागलं.

"आता थापलं न्हाई तर विटा पाडाव्या लागतील," चिमाबाईंनी बजावलं.

डॉक्टर आले ते गमबूट घालूनच. "कालवड झाली," त्यांनी जाहीर केलं, आणि त्या दिवसातल्या पहिल्या खऱ्याखुऱ्या टाळ्या त्या कालवडीला पडल्या. हौशीरामांना हे लागलं. ते सकाळपासून बोलत होते. मागोमाग वजनमापंवाले साहेबही आले.

मग मात्र जे झालं ते बघण्यासारखं होतं. चिमाबाईंनी हात वर केला आणि रस्ताभर बायका एका दमात वाकल्या. बेसन थापलं गेलं, सारण पसरलं गेलं. "उचला!" अशी आरोळी आली आणि शेकडो हातांनी मलमलीचा काठ एकदम उचलला. पिवळीधमक मासवडी या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळत गेली आणि मिटली. कुठं भेग नाही, कुठं चीर नाही. पीयूषच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला पुढच्या लग्नातली ओळख ऐकू येऊ लागली: "आणि हा पीयूष, शंभर मीटर!"

एवढ्यात बंटी आला. पांढऱ्या गाडीतून, पांढऱ्या बुटांत. त्याला मासवडीबरोबर फोटो हवा होता. तो शेवटच्या टेबलापाशी गेला, मोबाइल लांब धरला आणि ऐटीत कोपर टेबलावर टेकवलं. टेबल मंगल कार्यालयाचं होतं, त्यानं आजवर फक्त पत्रावळींचं ओझं सोसलं होतं. त्याचा पाय दुमडला. टेबल बसलं, बंटी बसला आणि मासवडीचं शेवटचं टोक मोडून बंटीच्या मांडीवर आलं.

सगळी बाजारपेठ टाचा उंचावून बघू लागली.

"थोडीशीच तुटली," बंटी मांडीवरून म्हणाला.

पीयूष धावत आला. शंभर मीटरमधून एक तुकडा गेला म्हणजे विक्रम गेला. सोपानराव जवळ येऊन म्हणाले, "राव, कांदा असता तर धरून राहिली असती." त्या क्षणी पीयूषच्या हातून काय झालं असतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात वजनमापंवाल्या साहेबांनी हाक मारली.

"राहिलेली मोजून तर घेऊ. इतक्या लांब आलोय."

टेप लागली. साहेब एका टोकाला, गमबूटवाले डॉक्टर दुसऱ्या टोकाला. साहेबांनी चष्मा पुसला, आकडा पुन्हा वाचला.

"शंभर मीटर. वर हातभर जास्तच."

असा जल्लोष वडपेठेनं कधी ऐकला नसेल. फटाके वाजले, पीयूषला खांद्यावर घेतलं गेलं, हौशीरामांनी माइकवरून "मी म्हटलं नव्हतं?" असं विचारलं. त्यांनी काय म्हटलं होतं ते कुणालाच आठवेना, पण टाळ्या पडल्या.

फक्त साहेब अजून टेपकडेच बघत होते. माप जुळलं नाही की त्यांना झोप येत नसे. असं एखादं माणूस प्रत्येक खात्यात असतंच.

"पीयूषशेठ," खांद्यावरून खाली उतरलेल्या पीयूषला त्यांनी बाजूला घेतलं, "कापड किती मोजलं होतं?"

"बरोबर शंभर मीटर."

"त्यातला चांगला तीन मीटरचा तुकडा मोडला. तरी शंभर उरली. मोजलं कशानं?"

पीयूषनं अभिमानानं आजोबांचा गज आणून दिला. साहेबांनी तो टेपला लावला. गज दोन बोटं लांब भरला.

सोहनलाल गादीवरून उठून बाहेर आले. त्यांनी गज स्वतः टेपला लावला, पुन्हा लावला, उलटा करून लावला. लोखंड ते, कसंही धरलं तरी तेवढंच.

"म्हणजे मीटरमागे दोन बोटं..." ते गजावरून बोट फिरवत म्हणाले. "वडिलांपासून?"

"जास्त दिलंत," साहेब म्हणाले. "पण लांब असो की आखूड, खोटं माप ते खोटं माप. जप्त करावा लागेल."

पीयूषच्या डोळ्यांपुढे सगळा उलगडा झाला. बंटीचा सरकता जिना आपल्याकडेही झाला असता. तो कधीच खर्ची पडला होता. सदरे, परकर आणि चोळ्या होऊन तो चाळीस गावांत लोकांच्या अंगावर हिंडत होता.

"एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" तो कळवळून म्हणाला.

रश्शाच्या कढईपाशी बायकांनी पदर तोंडाला लावले. सोपानराव चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागले. शेवटी चिमाबाईच बोलल्या.

"आमाला ठावं व्हतं की, भाऊ."

"काय ठाऊक होतं?"

"तुमच्याकडं बाप्याच्या सदऱ्याचं कापड घ्यावं, तर पोराची चड्डी त्यातच निघती. माझ्या सासूनं लगीन झाल्या झाल्या सांगितलेलं. कापड घ्यायचं तं जेठमलशेठच्या दुकानातच, पण तितं त्याबद्दल तोंड उघडायचं न्हाई."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"आवो, अख्ख्या पठाराला!"

सूर्य मावळायला आला होता. माडीवरून झमकूबाईंचा आवाज आला, "मोजून झालं असेल तर वाढा आता!" आणि लोक वळकटीवर तुटून पडले. चांगली झाली होती म्हणतात. पीयूषनं चव घेतली नाही.

महिन्याभरात दिल्लीहून प्रमाणपत्र आलं. जाड सोनेरी चौकट, लाल मोहर. सिद्धीनं वरचा कागद सोडला, प्रमाणपत्र वाचलं आणि भिंतीला टेकून इतकी हसली की झमकूबाई धावत आल्या. फोनवरच्या बाईंनी जसं ऐकलं तसं लिहिलं होतं: 'विश्व की सबसे लंबी मांस-वड़ी. निर्माता: श्री पीयूष जैन.'

मांस! झमकूबाईंनी ती चौकट घरात ठेवू दिली नाही, दुकानात ठेवू दिली नाही. दुरुस्तीसाठी पीयूषनं दिल्लीला फोनावर फोन केले. दुरुस्ती करता येणार नाही, विक्रम पुन्हा करावा लागेल, असं उत्तर मिळालं. आणि पुढच्याच लग्नात बंटीनं स्वतः त्याची ओळख करून दिली: "आणि हा आमचा पीयूष. मांस-वडी!" नावापुढे काहीतरी लागलं ते असं.

दुकानात आता गादीमागचा शिक्क्याचा मीटर चालू झाला होता. दुकान तेच, कापड तेच, पण पीयूष मोजायला उभा राहिला की गिऱ्हाईक म्हणे, "असू द्या, घाई न्हाई," आणि सोहनलालांसमोरच्या गर्दीत जाऊन उभं राही. वयाचा मान म्हणून असेल, असं पीयूषनं समजून घेतलं. एकदा मात्र त्यानं वडिलांचे हात नीट पाहिले. सोहनलाल मीटर लावत, खूण करायला बोट ठेवत आणि कात्री चालवायच्या आधी ते बोट हळूच पुढे सरकवत. दोन बोटं.

"पप्पा! आता तर माप बरोबर आहे. मग का?"

"गिऱ्हाइकाला सवय आहे," सोहनलाल म्हणाले. "आणि मलाही. आता या वयात हात कुठं आवरू? तू गप्प बस, कुणाला सांगू नकोस."

पण गप्प बसून कुणी यशस्वी होतं का? पुढच्या शिबिरात हौशीरामांनी वडपेठेच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याच्या द्रष्ट्या आजोबांनी गिऱ्हाइकाला जास्त द्यायचं म्हणून मुद्दाम लांब गज घडवून घेतला, आणि हेच यशाचं महासूत्र! सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पहिल्या रांगेतल्या पीयूषला व्यासपीठावर बोलावलं. लोहाराचा हात चुकला होता, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण माइक हातात आला, समोर माना डोलू लागल्या आणि त्याच्या तोंडून निघालं, "आजोबा नेहमी म्हणायचे, देणारा मोठा होतो." आजोबा त्याच्या जन्माआधीच गेले होते.

घरी येताना त्यानं बोर्ड रंगवायला टाकला. बाजाराच्या दिवशी बोर्ड दुकानावर चढला: 'आमच्या यशाचे रहस्य! प्रत्येक मीटरमागे दोन बोटं कापड मोफत!' सोहनलालांनी बोर्ड वाचला आणि ते आत जाऊन पाणी प्यायले.

दुपारी चिमाबाई आल्या. पायरीवर उभ्या राहून त्यांनी बोर्ड कुणाकडून तरी वाचून घेतला, दोनदा. मग आत आल्या. सदऱ्याचं कापड निवडलं. पीयूषनं ऐटीत मीटर लावला, आपली दोन बोटं त्याच्या टोकाशी ठेवली आणि कात्री उचलली.

"थांबा भाऊ," चिमाबाई म्हणाल्या. "बोर्डावर बोटं लिवलीत. कुणाची ते न्हाई लिवलं."

"म्हणजे?"

त्यांनी दाराकडे वळून हाक मारली, "अवो, या जरा!"

त्यांचे यजमान गेणू वाकून आत आले, कारण दुकानाचा दरवाजा त्यांच्या उंचीला पुरत नव्हता. जन्मभर विहिरीचे दगड फोडलेला माणूस. त्यांनी टोपी सारखी केली, अवघडून हसले आणि बायकोनं दाखवलं तिथं, मीटरच्या टोकाशी, आपली दोन बोटं ठेवली. बोटं कसली, केळीच ती. सदऱ्याचं कापड त्यांच्याखाली दिसेनासं झालं.

बाहेर पायरीवर गर्दी जमू लागली होती. प्रत्येक बाईबरोबर एक बाप्या होता, आणि प्रत्येक जण आपापले हात निरखून बघत होता.

"कापा," गादीवरून सोहनलाल शांतपणे म्हणाले. "बोर्ड आपला आहे."